१८८८-८९ चा हंगाम, शनिवारमागून शनिवार : चिठ्ठ्यांची प्रगती

मंडळी, चिठ्ठ्या लिहून झाल्या. १३२ पैकी १३२. शेवटची काल रात्री लिहिली आणि लगेच पंखा बंद केला, कारण मागच्या हंगामाच्या वेळी नेमक्या याच टप्प्यावर सगळा ऑक्टोबर पलंगाखाली गेला होता.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. मी फुटबॉलचे जुने लीग हंगाम पुन्हा मांडतो. एका सामन्याला एक चिठ्ठी : डावीकडे यजमान, उजवीकडे पाहुणे, मध्ये गोल, कोपऱ्यात तारीख. मग तारखेप्रमाणे एकेका शनिवारची गड्डी उघडायची आणि त्या संध्याकाळचा गुणतक्ता हाताने लिहायचा. स्प्रेडशीट फक्त तपासणीला. यंदा अलीकडचा हंगाम नको होता. त्यात सगळं तयारच मिळतं, आपण नुसते नक्कल करणारे कारकून. म्हणून थेट उगमाला गेलो. इंग्लंडची फुटबॉल लीग, पहिलाच हंगाम, बारा संघ. बारा बाय बाराची चौकट काढली की १४४ घरं होतात, त्यातली स्वतःशीच खेळायची १२ काळी केली की १३२ उरतात. आकार आटोपशीर आहे, महिन्याभरात हातावेगळा होईल असं वाटलं होतं. तिसरा महिना चालू आहे.

पार्श्वभूमी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. व्यावसायिक खेळाडूंना १८८५ साली मान्यता मिळाली, क्लबांवर पगाराचा बोजा आला, आणि सामने मात्र ऐनवेळी रद्द व्हायचे. अ‍ॅस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगर या कापडाच्या दुकानदाराने २ मार्च १८८८ ला काही क्लबांना पत्र पाठवलं की दहा-बारा क्लबांनी मिळून घरी एक आणि बाहेर एक असे सामने आधीच ठरवून टाकू. एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या बैठकीत लीग उभी राहिली आणि ८ सप्टेंबरला खेळ सुरू. मला यातली दुकानदाराची बाजू फार आवडते. गिऱ्हाईक आलं आणि दुकान बंद निघालं, तर पुढच्या वेळी ते येत नाही. तेच डोकं.

पहिला शनिवार

पाच सामने. बोल्टन ३ डर्बी ६, एव्हर्टन २ अ‍ॅक्रिंग्टन १, प्रेस्टन ५ बर्नली २, स्टोक ० वेस्ट ब्रॉम २, वुल्व्हज १ व्हिला १. ब्लॅकबर्न आणि नॉट्स काउंटी घरीच. (लीगमधला पहिलावहिला गोल कुणाचा, हा वाद वाचला असेल. कित्येक वर्षं तो मान व्हिलाच्या गर्शम कॉक्सच्या स्वयंगोलला होता. पुढे जुनी वर्तमानपत्रं चाळताना सामने सुरू होण्याच्या खऱ्या वेळा जुळवल्या गेल्या आणि तो बोल्टनच्या केनी डेव्हनपोर्टकडे गेला. बिचाऱ्या कॉक्सची सुटका झाली म्हणायची.)

लगेच तक्ता लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडलो. चार संघ जिंकलेले, चौघांचे गुण सारखे. मग क्रम कसा लावायचा? तेव्हाचा नियम गोलसरासरीचा : केलेले गोल भागिले खाल्लेले गोल. प्रेस्टन ५/२, म्हणजे २.५. डर्बी ६/३, म्हणजे २. एव्हर्टन २/१, तेही २. आणि वेस्ट ब्रॉम २/०. स्प्रेडशीटने त्या घरात लाल खूण करून हात वर केले. शून्याने भागायचं कसं, हा शाळेतला प्रश्न चाळिशी उलटल्यावर पुन्हा समोर येईल असं वाटलं नव्हतं. शेवटी 'गोल न खाल्लेला संघ वर' अशी माझी घरगुती तजवीज केली आणि वेस्ट ब्रॉमला अव्वल बसवलं. डर्बी आणि एव्हर्टन मात्र एकाच ओळीत, तिरपी रेघ मारून.

पुढच्या शनिवारी वेस्ट ब्रॉमने डर्बीला २-१ हरवलं आणि प्रेस्टनने वुल्व्हजला त्यांच्याच घरी ४-०. आता वेस्ट ब्रॉम ४/१, प्रेस्टन ९/२. साडेचार विरुद्ध चार. प्रेस्टन वर गेला. पुढे लीग त्यांनीच जिंकली.

एक चूक कबूल

एव्हर्टनच्या घरच्या अकराही चिठ्ठ्यांच्या मागे मी सवयीने 'गुडिसन पार्क' लिहून ठेवलं होतं. ते मैदान १८९२ सालचं. १८८८ मध्ये एव्हर्टन खेळत होता अ‍ॅनफिल्डवर! लिव्हरपूल क्लब तेव्हा जन्मालाही आला नव्हता. अकरा चिठ्ठ्या खोडून पुन्हा लिहिल्या. त्या निमित्ताने सगळ्यांची मैदानं तपासली. व्हिला पेरी बारच्या वेलिंग्टन रोडवर, बोल्टन पाइक्स लेनला, वुल्व्हज डडली रोडला. नॉट्स काउंटीचं मैदान आपल्याला रेडिओमुळे पाठ असलेलं ट्रेंट ब्रिज, तेच क्रिकेटचं. बर्नलीचं टर्फ मूर आणि प्रेस्टनचं डीपडेल या दोनच मैदानांच्या चिठ्ठ्या आजही जशाच्या तशा चालतील.

क्रिकेटवरून आठवलं. त्या काळी मैदानात प्रत्येक बाजूचा एकेक असे दोन पंच असायचे, आणि खेळाडूंनी अपील केल्याशिवाय निर्णय नाही. दोघांचं जमलं नाही तर बाहेर उभ्या रेफरीकडे जायचं. पेनल्टी किक नाही, गोलला जाळी नाही (दोन्ही १८९१ पासून), आणि गोलरक्षक आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळू शकत होता. चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून यावर जाळी नसताना काय रण माजत असेल! चिठ्ठीवर मात्र नुसतं '१'.

ऑक्टोबर

६ ऑक्टोबरच्या चिठ्ठीवर प्रेस्टन ७ स्टोक ०. मागे टीप लिहिली आहे : 'स्टोक नऊ जणांनिशी आला, दोन खेळाडू प्रेस्टनकडूनच उसने घेतले.' एवढ्या मोठ्या स्पर्धेत हे घडलं यावर विश्वास बसायला वेळ लागला. गल्लीत आपण एक गडी कमी पडला तर समोरच्यांचा धाकटा भाऊ घेतो, तसंच. फरक इतकाच की गल्लीतला धाकटा भाऊ निदान मनापासून खेळतो.

२० ऑक्टोबरची चिठ्ठी मी बाजूला काढून ठेवली आहे. अ‍ॅक्रिंग्टन ० प्रेस्टन ०. त्याआधी प्रेस्टनचे सहा सामने, सहा विजय. पहिला गुण त्यांच्याकडून काढला तो अ‍ॅक्रिंग्टनने. (हे अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली नव्हे. तो वेगळा क्लब. हा जुना संघ १८९३ मध्ये लीगमधून बाहेर पडला आणि काही वर्षांत संपला.) हा संघ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुण आहेत कुठे?

इथे गाडी खरी अडली. मी शनिवारमागून शनिवार 'त्या संध्याकाळचा तक्ता' लिहीत होतो : विजयाला दोन, बरोबरीला एक. आणि मग लक्षात आलं की ही पद्धत ठरली तीच मुळी नोव्हेंबर संपत आल्यावर. दहापेक्षा जास्त शनिवार खेळून झाले होते आणि बरोबरीला काय द्यायचं यावर एकमत नव्हतं. नुसते विजय मोजावेत असंही म्हणणारे होते. म्हणजे माझे सप्टेंबर-ऑक्टोबरचे सगळे तक्ते म्हणजे मागाहून लिहिलेली रोजनिशी. त्या वेळी मैदानावरून घरी जाणाऱ्या माणसाला आपला संघ कितवा हे सांगताच आलं नसतं.

दोन दिवस काहीच केलं नाही. मग ठरवलं की नोव्हेंबरपर्यंतचा प्रत्येक तक्ता दोनदा लिहायचा : एक नुसत्या विजयांचा, एक दोन-एकचा. वर दोन्हीकडे प्रेस्टनच, त्यामुळे वरच्या बाजूला बघण्यासारखं काही नाही. गंमत मधल्या आणि खालच्या ओळींत आहे.

हंगामाअखेरचा हिशेब घ्या. अ‍ॅक्रिंग्टन : ६ विजय, ८ बरोबरी, ८ पराभव, २० गुण, सातवा क्रमांक. नुसते विजय मोजले असते तर? बर्नली आणि डर्बी यांचे ७-७ विजय. अ‍ॅक्रिंग्टन थेट दहावा. आणि शेवटच्या चौघांना पुढच्या हंगामात घ्या म्हणून पुन्हा मतं मागावी लागत होती. म्हणजे प्रेस्टनला ०-० रोखणारा संघ, ज्याच्याकडे इतक्या बरोबऱ्या होत्या, तो नोव्हेंबरमध्ये ठरलेल्या त्या एकेका गुणावर तरला. बाजूला ठेवलेली चिठ्ठी मी तेव्हाच भिंतीवर टाचली.

२६३

सगळं संपल्यावर बेरीज. प्रत्येक सामन्यात दोन गुण वाटले जातात, म्हणून १३२ सामन्यांचे २६४ व्हायला हवेत. माझे आले २६३. जोड्यांनी वाटलेली वस्तू विषम निघाली, म्हणजे चूक कुठल्या तरी बरोबरीतच. एकाला गुण दिला, दुसऱ्याला विसरलो. मी अर्थातच शेवटाकडून शोधायला लागलो. एप्रिल, मार्च, फेब्रुवारी. प्रेस्टनचे २२ सामने तर ९ फेब्रुवारीलाच संपलेले, त्यामुळे शेवटच्या गड्ड्या पातळ आणि पटकन होणाऱ्या. काही नाही. दोन संध्याकाळी गेल्या. सापडलं दुसऱ्याच शनिवारी : ब्लॅकबर्न ५ अ‍ॅक्रिंग्टन ५. ब्लॅकबर्नच्या ओळीत ५-५ नीट, अ‍ॅक्रिंग्टनच्या ओळीत माझ्याच हातचं ४-५. पाचाचं पोट घाईत उघडं राहिलं असणार.

पुन्हा अ‍ॅक्रिंग्टनच! त्या एका गोलने तो १९ गुणांवर, आठवा बसला होता. दुरुस्ती केल्यावर २०, म्हणजे एव्हर्टनइतकेच. आता सरासरी. अ‍ॅक्रिंग्टनचे गोल ४८-४८, बरोबर एक. एव्हर्टनचे केलेले ३५ आणि खाल्लेले त्याहून बरेच जास्त. अ‍ॅक्रिंग्टन सातवा. खाडाखोड न करता नवीन कागद घेतला.

तळाची जोडी

नॉट्स काउंटी १२ गुण, गोल ४०-७३. स्टोक १२ गुण, गोल २६-५१. सरासरी काढली तर नॉट्स ०.५४८, स्टोक ०.५१०, म्हणून स्टोक शेवटचा. पण गोलफरक बघा : नॉट्स उणे ३३, स्टोक उणे २५. आजच्या पद्धतीने नॉट्स तळाला गेला असता, आठ गोलांनी. भागाकाराची ही खोड मला कधीच पटली नाही. व्हिलाकडून ९-१ मार खाल्लेला संघ केवळ जास्त गोल केले म्हणून वर, आणि कमी गोल खाल्लेला खाली. इंग्लंडमध्ये सरासरी जाऊन फरक यायला १९७६ उजाडलं. अर्थात विजयाला तीन गुण (तेही १९८१ पासून) धरले तर नॉट्स १७ आणि स्टोक १६, म्हणजे भांडणच मिटलं.

प्रेस्टनबद्दल फार लिहिलं नाही याची जाणीव आहे. १८ विजय, ४ बरोबरी, पराभव नाही, ७४-१५, ४० गुण, दुसऱ्या क्रमांकावरच्या व्हिलाच्या पुढे ११. शिवाय एकही गोल न खाता एफए कप (बाद पद्धतीची वेगळी स्पर्धा) जिंकला. इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये पुन्हा असा अपराजित हंगाम व्हायला आर्सेनलचं २००३-०४ यावं लागलं. पण तक्ते लिहिणाऱ्याला सतत पहिला असणाऱ्या संघाचं काम काय? दर शनिवारी तेच नाव, त्याच ओळीत. सोळाव्या आठवड्यापासून मी ते आधीच लिहून ठेवायचो. व्हिलाने मात्र एका ठिकाणी मजा आणली : घरच्या अकरापैकी दहा सामने जिंकले, आणि हरलेला एकमेव सामना प्रेस्टनविरुद्धचा, ०-२.

सध्याची स्थिती : शेवटचा तक्ता पक्का, विजयांचा आणि दोन-एकचा असे दोन्ही संच नोव्हेंबरपर्यंत पूर्ण, तीन-एकचा संच अर्धवट. पहिल्या शनिवारच्या वेस्ट ब्रॉमच्या घरात अजून लाल खूण तशीच आहे. कुणाला यापेक्षा बरी तजवीज सुचत असेल तर कळवा. १८८९-९० च्या चिठ्ठ्या कापायला घेतल्या आहेत. तळाच्या चौघांनाही मतं मिळाली होती, त्यामुळे संघ तेच बारा, आणि चौकटीवरची नावं निदान पुन्हा लिहावी लागणार नाहीत.