सांगितलं असतं तर...

"मावशी, डोकं नुसतं ठणकत होतं. पण सांगितलं असतं तर खाली पाठवलं असतं ना!"

हिमालयातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकहून आलेली भाची सॅक रिकामी करता करता बोलून गेली. ओला मोजा माझ्या हातातच राहिला.

रात्री दोनदा उलटी झालेली. तरी पहाटे पोरगी 3800 मीटरच्या माथ्याकडे निघाली.

आपलं कळसूबाई 1646 मीटर. ते झपाझप चढलं की पोरांना वाटतं, जमलं. पण विरळ हवेचा त्रास तंदुरुस्त पोरांनाही होतो. अशा वेळी वर जायचंच नसतं. तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

आम्ही तिला थर्मल घेतले, बूट घेतले. "बरं नाही वाटलं तर अर्ध्यातून परत ये गं," एवढं मात्र कुणीच म्हणालं नाही.

तुम्ही म्हणता का?