स्मॉल-ब्लॉक शेव्हीचा हीट क्रॉसओव्हर नीट बंद करायचा तर

1955 मध्ये आलेल्या शेव्हरोलेट स्मॉल-ब्लॉक व्ही-8 च्या बिडाच्या हेडमध्ये मधल्या दोन सिलिंडरांचे एक्झॉस्ट पोर्ट शेजारी-शेजारी असतात. तिथून एक वाट इनटेक मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरमधलं मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या भागात) शिरते, कार्बोरेटरच्या बुडाखालून जाते आणि पलीकडच्या हेडमध्ये निघते. हाच हीट क्रॉसओव्हर. थंडीत गाडी सुरू केली की हीट रायझर व्हॉल्व्ह एका बाजूचा एक्झॉस्ट अडवून या वाटेने ढकलतो. मॅनिफोल्डचा तळ तापतो, पेट्रोलची वाफ होते, चोक उघडतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी ही सोय उत्तम आहे.

402 मीटरच्या ड्रॅग शर्यतीत (सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीत) मात्र हीच उष्णता नडते. 30 अंशाची हवा आत जाताना 50 अंशांवर गेली, तर तिची घनता सुमारे 6 टक्क्यांनी घटते. शिवाय दोन फेऱ्यांच्या मधे गाडी उभी असताना तापलेल्या तळामुळे फ्लोट बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल उकळू लागतं, आणि पुढची फेरी सुरू होतानाच मिश्रण बिघडलेलं असतं.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे हेड आणि मॅनिफोल्डच्या मधे क्रॉसओव्हरचं भोक नसलेलं गॅस्केट. पण नुसतं कागदी गॅस्केट इथे टिकत नाही. एक्झॉस्ट त्यावर सतत आदळत राहतो. आधी ते तपकिरी होतं, मग काळं पडतं आणि शेवटी मधोमध जळून भोक पडतं. जळणं कडेपर्यंत पसरलं की एक्झॉस्ट शेजारच्या इनटेक पोर्टमध्ये शिरतो. मग 3, 5, 4 आणि 6 या मधल्या सिलिंडरांत मिसफायर होतो आणि आपण कार्बोरेटरचे जेट बदलत बसतो! म्हणून क्रॉसओव्हरच्या तोंडावर स्टेनलेसचा पत्रा हवाच. साधा पातळ पत्रा लवकर गंजतो आणि जळतो.

पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा घ्या. तो गॅस्केटखाली नुसता सरकवला, तर तेवढ्या जागी मॅनिफोल्ड उचलला जातो आणि शेजारच्या पोर्टांवर गॅस्केट दाबलंच जात नाही. व्हॅक्यूम गळतीचं हे नेहमीचं कारण. मॅनिफोल्डच्या तोंडावर पत्र्याच्या जाडीचा खळगा मिलिंग करून घ्या किंवा पत्रा बसवलेलंच गॅस्केट वापरा. एकाच बाजूला पत्रा लावला तर आरपार प्रवाह थांबतो, पण दुसऱ्या बाजूने गरम वायू मॅनिफोल्डपर्यंत येतच राहतो. रस्त्यावर आणि स्ट्रिपवर (शर्यतीच्या पट्ट्यावर) दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीला हे पुरतं. निव्वळ शर्यतीच्या इंजिनाला दोन्ही बाजू बंद हव्यात.

पक्कं काम हेडमध्येच होतं. वाटेत वितळलेलं ॲल्युमिनियम ओततात; पाँटियॅकच्या हेडवरही ही रीत रुळलेली आहे. एक्झॉस्ट पोर्टची बाजू वाळूने बंद करतात, हेड आधी चांगलं तापवतात आणि मग ओततात. हेडमध्ये ओल राहिली तर वाफ होऊन धातू अंगावर उडतो, त्यामुळे हे काम अनुभवी ओतकाम करणाऱ्याकडेच द्या. ॲल्युमिनियम थंड होताना आक्रसतं, म्हणून त्याला धरून ठेवणारी पिन किंवा स्क्रू आधीच बसवावा. तापवण्याने हेड वाकू शकतं. व्हॉल्व्ह सीट, गाईड आणि पृष्ठभागाचं मिलिंग यानंतरच. एक फायदा आणखी: पोर्टच्या भिंतीतला खड्डा भरला जातो, त्यामुळे एक्झॉस्ट सरळ बाहेर पडतो.

वाट बंद केली की हीट रायझर व्हॉल्व्ह काढून टाका किंवा उघडा ठेवून पक्का करा. तो बंद स्थितीत अडकला तर त्या बाजूच्या चार सिलिंडरांचा एक्झॉस्ट कोंडतो. मॅनिफोल्डच्या उष्णतेवर चालणारा चोक आता वेळेवर उघडणार नाही, इलेक्ट्रिक किंवा हाताने ओढायचा बसवा. थंड, दमट दिवशी कार्बोरेटरमध्ये बर्फ धरण्याची शक्यता वाढते, तेव्हा इंजिन नीट गरम झाल्याशिवाय ताण देऊ नका.

मॅनिफोल्डचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत 30 फूट-पौंडांपर्यंत आवळा आणि पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर पुन्हा तपासा. नंतर इन्फ्रारेड थर्मामीटरने कार्बोरेटरखालचा भाग आणि टोकाकडचे रनर (सिलिंडरांकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डच्या नळ्या) यांचं तापमान मोजा. मधला भाग झपाट्याने तापू लागला, तर कुठलातरी पत्रा गळतोय.