आतले दोन सिलिंडर

"दादा, मधे मोठं भोक होतं. मी भरून टाकलं." पुण्याहून फोनवर आमच्या टीममधला पोरगा हे इतक्या समाधानानं म्हणाला, की रागवायचंही जिवावर आलं.

काम असं होतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या रेल्वे संग्रहालयात ६३१७ नंबरचं वाफेचं इंजिन उभं आहे. त्याचं लेझर स्कॅनिंग, म्हणजे लेझरनं त्याच्या पृष्ठभागावरचे असंख्य बिंदू मोजणं, मी करायचं, पुण्याच्या टीमनं त्यावरून थ्रीडी मॉडेल बनवायचं. लोकांना वाटतं, यंत्र तिपाईवर ठेवून बटण दाबलं की झालं. काळ्या चकचकीत रंगावरून लेझर घसरतो, घासलेल्या पितळेवरून तो असा उसळतो की स्क्रीनवर हवेतच बिंदूंचा धुरळा दिसतो. कारखान्यात अशा वेळी पांढरी पावडर फवारतात. इथे बोट लावायचीही चोरी. मग जागा बदला, कोन बदला, पुन्हा घ्या.

डच रेल्वेनं १९३०-३१ मध्ये अशी २२ इंजिनं जर्मनीतून आणली. पहिली दहा हेन्शेल कंपनीची, उरलेली बर्लिनच्या श्वार्ट्झकोफ कंपनीची. कारण एकच, कोळसा. देश सपाट असला तरी दक्षिण लिम्बुर्ग चढउताराचा, आणि हीरलेनच्या खाणींतून निघणाऱ्या मालगाड्या बेफाम जड. या इंजिनाला मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, नाही. पाणी आणि कोळसा अंगावरच, त्यामुळे दोन्ही दिशांना सारखंच धावतं, टोकाला पोचून तोंड फिरवायला टर्नटेबल, म्हणजे फिरता मंच, शोधायला नको. पुढे चार छोटी चाकं, मधे आठ जोडलेली, मागे पुन्हा चार. वजन १२७ टन. रेल्वेवाले त्याला 'जल्लाद' म्हणायचे.

वाफ दट्ट्याला ज्यांत ढकलते, ते सिलिंडर बाहेरून दोनच दिसतात. आणखी दोन आत, दोन्ही बाजूंच्या चौकटींच्या मधे. १९२९-३० च्या ३९०० मालिकेतल्या प्रवासी इंजिनांचंच हे भावंड, त्यांनाही चारच. चार कशाला? तेवढा जोर दोघांवर टाकायचा तर सिलिंडर इतके फुगतात की फलाटाला घासतील, आणि जड दांडे पुढेमागे होताना बसणारे हिसके थेट रुळांवर जातात. चौघांत काम वाटलं की आतला दट्ट्या पुढे जाताना बाहेरचा मागे येतो आणि हिसके एकमेकांना खातात. त्याची किंमत क्रँक ॲक्सलमध्ये मोजायची. हा आस मधे वळणं दिलेला, महागडा, भेगांसाठी सारखा तपासावा लागणारा. शिवाय तेलाचा डबा घेऊन माणसानं त्या अडचणीत शिरायचं ते वेगळंच. मला विचाराल तर या इंजिनाची सगळी अक्कल तिथे आहे.

आणि नेमकं तेच स्कॅनरला दिसत नाही. चाकांच्या आऱ्यांमधून हातातला छोटा स्कॅनर घालून मिळालं तेवढं घेतलं. बाकी अंधार. फाइलवर मी ठळक लिहिलं होतं, 'इथे डेटा नाही, भरू नये.' टिपा कोण वाचतं! सॉफ्टवेअरमध्ये भोकं बुजवायचं बटण आहे आणि आमच्या तपासयादीत 'मॉडेल बंदिस्त हवं' असा रकाना आहे, कारण त्याशिवाय थ्रीडी प्रिंट होत नाही. पोरानं रकान्यावर टिक केली. इंजिनाचं पोट गुळगुळीत झालं.

पोराचा दोष मी धरत नाही. त्याला कुणी इंजिन दाखवलंच नाही, बिंदू दाखवले. चीड आली ती मॅनेजरची. "ग्राहकाला बाहेरचंच हवंय," इतकंच म्हणाला. करारात तसंच आहे, मान्य. पण मॉडेल काचेच्या पेटीत बंद नसतं. उद्या कुणी ते उलटं करून पाहिलं तर तिथे पत्रा दिसणार, आणि तो मोजला जाणार, अगदी मिलिमीटरमध्ये. डच रेल्वेची वाफ ७ जानेवारी १९५८ ला संपली, लिम्बुर्गच्या खाणी १९७४ पर्यंत बंद झाल्या. २२ पैकी हे एकच उरलंय. दुसऱ्या इंजिनाशी पडताळून चूक पकडायचीही सोय नाही. नुसतं भोक ठेवलं असतं तर निदान बघणाऱ्यानं विचारलं असतं, इथे काय होतं.

मी सुचवलं, आतला भाग मूळ नकाशांवरून काढू, वेगळ्या रंगात. मॅनेजर म्हणाला, त्याला बजेट नाही. मग जोडपत्रात दोन ओळी घातल्या, की हा भाग मोजलेला नाही. 'ग्राहक गोंधळेल' म्हणून त्या काढल्या गेल्या. शेवटी पाठवताना मी फाइलचं नावच बदललं: ६३१७_पोट_मोजलेले_नाही. अजून तरी कुणी बदललेलं नाही.