विसर्जनाच्या बातमीतले डेसिबल

अनंत चतुर्दशीनंतर वर्तमानपत्रांत चौकाचौकांतल्या आवाजाचे आकडे छापून येतात आणि आपण ते तापमानाच्या आकड्यांसारखे वाचतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. मिरवणुकीत ९५ डेसिबल नोंदले गेले, तर आवाज पावणेदोन पट झाला असे वाटते. प्रत्यक्षात ध्वनीची तीव्रता दहा हजार पट झालेली असते.

तीव्रता म्हणजे ध्वनीच्या दिशेला काटकोनात असलेल्या एक चौरस मीटर क्षेत्रातून दर सेकंदाला वाहणारी ऊर्जा. निरोगी कानाला १००० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू येतो, तेव्हा ती दर चौरस मीटरला एका वॉटचा लाख कोटीवा भाग असते, आणि कान दुखू लागतो तेव्हा एका वॉटच्या आसपास पोहोचते. इतका मोठा पल्ला साध्या मोजपट्टीवर मावत नाही, म्हणून लॉगरिदमचा आधार घेतलेले डेसिबल हे एकक १९२० च्या दशकात अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत रूढ झाले. त्यात तीव्रता दहापट झाली की १० डेसिबल वाढतात आणि दुप्पट झाली की केवळ ३. म्हणजे ९० डेसिबलच्या स्पीकरच्या भिंतीशेजारी तशीच दुसरी भिंत उभी केली, तर मापक ९३ दाखवतो. कानाला मात्र आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, आणि म्हणूनच ‘थोडासाच वाढवला’ हे मंडळांचे म्हणणे त्यांना स्वतःला खरे वाटत असावे.

नेहमीचा ध्वनिमापक तीव्रता थेट मोजत नाही. त्याचा मायक्रोफोन हवेच्या दाबातील चढउतार टिपतो, आणि तीव्रता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मोजणीआधी मायक्रोफोनवर १००० हर्ट्झ आणि ९४ डेसिबलचा, म्हणजेच एक पास्कल दाबाचा, प्रमाणित स्वर देणारे छोटे उपकरण बसवून यंत्र तपासून घेतात.

मला खरी काळजी वाटते ती यापुढच्या पायरीची. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा ‘ए’ भारांकनावर आधारलेल्या आहेत. मंद आवाज ऐकताना खर्जाच्या बाबतीत कान कमी संवेदनशील असतो, हे गृहीत धरून हे भारांकन कमी वारंवारतेचा ध्वनी वजा करत जाते: १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, तर ६३ हर्ट्झला सुमारे २६. डीजेची बहुतेक ताकद नेमकी याच पट्ट्यात असते. खिडक्यांची तावदाने थरथरतात, छातीत धडधडते, बंद दारांआडच्या आजारी माणसालाही झोप लागत नाही. आणि नोंदवहीत मात्र त्या खर्जाचा फार थोडा अंश उतरतो. ‘सी’ भारांकनात ६३ हर्ट्झला एक डेसिबलही वजा होत नाही आणि अनेक ध्वनिमापकांत ही सोय असते. मिरवणुकीच्या नोंदीत दोन्ही आकडे, मोजणीचा कालावधी आणि भिंतीपासूनचे अंतर एकत्र छापले गेले पाहिजे.