सीझन बदलला की खेळ बदला

जुन्या अमेरिकन कॉलेज कोचेसचं रेकॉर्ड बघत बसायचा मला नाद आहे. एकाच माणसाच्या नावाखाली आधी फुटबॉल (त्यांचा, हेल्मेटवाला), मग बास्केटबॉल, मग बेसबॉल, कधी ट्रॅकपण (म्हणजे धावणं-उड्या वगैरे), आणि प्रत्येकासमोर जिंकल्या किती, हरल्या किती. आता कोच म्हटलं की एकच खेळ, त्यातही क्वार्टरबॅकचा (फुटबॉलमध्ये बॉल फेकून टीमचा हल्ला चालवणारा) वेगळा, डिफेन्सचा वेगळा. तेव्हा बऱ्याच कॉलेजांना एकच माणूस परवडायचा आणि खेळ सीझनवार वाटलेले, शरदात फुटबॉल, थंडीत बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल आणि ट्रॅक, म्हणजे गड्याला उसंत नाही. पोरंही बरीचशी तीच. नोव्हेंबरमध्ये ज्याला 'अंगावर जा की रे' म्हणून झापलं त्यालाच जानेवारीत 'ढकलतोस काय' म्हणून झापायचं, हे कसं जमत असेल देव जाणे.

यातला सगळ्यात मोठा नग म्हणजे अमोस अलोन्झो स्टॅग. येल युनिव्हर्सिटीचा बेसबॉल पिचर (म्हणजे बॉल टाकणारा), शिवाय फुटबॉलही जबरी खेळायचा. मार्च १८९२ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलात, जिथे तेव्हा तो शिकवायचा, बास्केटबॉलची पहिली पब्लिक मॅच झाली, मास्तर विरुद्ध विद्यार्थी, मास्तर ५-१ असे हरले आणि तो एक पॉइंट स्टॅगचा. पण पेपरवाल्यांनी लिहिलं काय, तर याला फुटबॉलची सवय नडली, सारखा ढकलाढकली करून फाउल करत होता. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. त्याच वर्षी तो शिकागो युनिव्हर्सिटीत गेला आणि ४१ सीझन फुटबॉल शिकवला, सोबत बरीच वर्षं बेसबॉल आणि ट्रॅक, मधे एक सीझन बास्केटबॉलही. हुद्दा पण नुसत्या कोचचा नाही, चक्क प्राध्यापकाचा.

याच्या उलट जेम्स नेस्मिथ. १८९१ च्या डिसेंबरात पीचच्या टोपल्या टांगून, १३ नियम लिहून बास्केटबॉल शोधला त्याने, आणि कॅन्सस युनिव्हर्सिटीत कोच म्हणून रेकॉर्ड किती, तर ५५ जिंकल्या, ६० हरल्या. तिथल्या बास्केटबॉल कोचेसमध्ये जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला हा एकटाच! मुळात हा खेळ कोचने शिकवायची गोष्टच नाही, नुसता खेळायचा, असं त्याचं मत होतं म्हणतात, आणि त्याचाच चेला फॉग ॲलन त्याच कॉलेजात पुढे ५९० मॅचेस जिंकला. ॲलनही पुन्हा हरकाम्याच, एक सीझन फुटबॉल टीम सांभाळली, आणि हाडं-सांधे बसवायचं ऑस्टिओपॅथीचं रीतसर शिक्षण असल्यामुळे पोरांचे लचकलेले पाय पण तोच बघायचा.

पण जीव अडकतो तो स्टॅगमध्येच. शिकागोने सत्तरीला रिटायर केलं तर गडी कॅलिफोर्नियात पॅसिफिक नावाच्या कॉलेजात जाऊन पुन्हा फुटबॉल शिकवायला लागला आणि १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, वर्षातला सर्वोत्तम कोच ठरला. नंतर सस्क्वेहॅना युनिव्हर्सिटीत आपल्या मुलाच्या जोडीला कोच, आणि नव्वदी ओलांडल्यावर कॅलिफोर्नियातल्याच स्टॉकटनच्या एका ज्युनियर कॉलेजात पोरांना किक शिकवणं. इतके खेळ, इतके सीझन, आणि शेवटी हातात उरली नुसती किक, तर तीही तेवढ्याच मन लावून.