फ्लूचा नाकातला फवारा: कोणाला चालतो, कोणाला नाही

फ्लूची लस पावसाळ्याआधी टोचून किंवा फवारून झालेली बरी, कारण आपल्याकडे पाऊस सुरू झाला की फ्लू जोर धरतो आणि आषाढीची गर्दीही त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यात उतरते. म्हणजे लस घ्यायची ती एप्रिल-मे महिन्यात, सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर असताना. सुईला घाबरणाऱ्या मुलांचे आईवडील मग नाकातल्या फवाऱ्याबद्दल विचारतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: जिवंत विषाणू नाकात मारायचा, त्यानंच फ्लू झाला तर?

तसा होत नाही. या लसीतला विषाणू थंडीत वाढायला शिकवलेला असतो. साधारण २५ अंशांना तो चांगला वाढतो, ३९ अंशांच्या आसपास त्याची वाढ खुंटते. नाकाच्या तुलनेने गार अस्तरात तो थोडा वाढतो, शरीराला ओळख करून देतो. फुफ्फुसाच्या उबेत त्याचं काही चालत नाही. अमेरिकेत फ्लूमिस्ट या नाकातल्या लसीला २००३ मध्ये मान्यता मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूच्या साथीनंतर, २०१० मध्ये, नॅसोव्हॅक ही तशीच लस आणली.

त्रास होतो तो बहुतेक नाकापुरता: नाक वाहणं किंवा चोंदणं. काही मुलांना अंगात कणकण, किरकिर, भूक मंदावणं. मोठ्यांना घसा दुखणं, खोकला, डोकेदुखी. दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतं. ताप आला तर पॅरासिटामॉल, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. घरातली डिस्प्रिन मुलाला देऊ नये. त्यात ॲस्पिरिन असतं, आणि फ्लूचा विषाणू व ॲस्पिरिन एकत्र आले की मुलांमध्ये रे सिंड्रोम, म्हणजे यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा दुर्मीळ पण गंभीर आजार, होऊ शकतो. फवाऱ्यानंतर चार आठवडे हे पथ्य पाळायचं. संधिवाताचा ताप किंवा कावासाकी आजारासाठी (यात रक्तवाहिन्यांना सूज येते) जे मूल आधीच ॲस्पिरिनवर आहे, त्याला हा फवारा द्यायचाच नाही, त्याच्यासाठी इंजेक्शन.

खरा धोका चुकीच्या मुलाला फवारा देण्यात आहे. दोन वर्षांखालच्या बाळांमध्ये या लसीनंतर छातीत घरघर होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, म्हणून वयाची मर्यादा दोन वर्षांपासून पुढे. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दमा असेल किंवा गेल्या १२ महिन्यांत घरघर झाली असेल, तरीही नको. ‘दमा आहे का?’ असं विचारलं तर आईवडील ‘नाही’ म्हणतात. ‘वर्षभरात दवाखान्यात नेब्युलायझरची वाफ दिली होती का?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या आवाजात आणि सुताच्या धुरळ्यात वाढणाऱ्या मुलांबाबत हा प्रश्न चुकवू नये.

गरोदर बाई, केमोथेरपी किंवा जास्त मात्रेची स्टिरॉइड घेणारे, इतर कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेले, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेनं बसवलेलं यंत्र, असलेले आणि आधीच्या डोसाची तीव्र ॲलर्जी आलेले या सगळ्यांना फवारा वर्ज्य. अंड्याच्या ॲलर्जीला आता पूर्वीइतकं घाबरायचं कारण राहिलेलं नाही. डॉक्टरांना सांगून ठेवावं, एवढंच. घरात मधुमेही आजी आहे म्हणून नातवाला फवारा नाकारायचीही गरज नाही. लस घेतलेलं मूल काही दिवस नाकातून थोडा विषाणू बाहेर टाकतं, पण त्यातून दुसऱ्याला लागण होणं फार विरळ. नुकतंच अस्थिमज्जा प्रत्यारोपण होऊन वेगळ्या खोलीत ठेवलेल्या रुग्णापासून मात्र सात दिवस लांब राहावं.

तोंड वाकडं होण्याची भीती अजून ऐकू येते. तो प्रकार २०००-०१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका वेगळ्याच नाकातल्या लसीचा होता. ती मृत विषाणूची होती, तिच्यात जिवाणूचं विष मिसळलेलं होतं आणि ती बाजारातून काढून घेतली गेली.

द्यायची रीत सोपी आहे. मूल ताठ बसवायचं, टोक नाकपुडीच्या जेमतेम आत, एका झटक्यात अर्धा डोस, मग दुसऱ्या बाजूला उरलेला. फ्लूमिस्टमध्ये नाकपुडीला ०.१ मिली, नॅसोव्हॅकमध्ये ०.२५ मिली. मुलानं नेहमीसारखा श्वास घ्यायचा, जोरात ओढायची गरज नाही. शिंक आली, थोडं ओघळलं, तरी डोस परत द्यायचा नाही. नाक गच्च चोंदलेलं असेल तर लस पोचत नाही; सर्दी उतरेपर्यंत थांबा. नॅसोव्हॅकची पावडर पाण्यात मिसळताना सिरिंजला सुई असते. ती काढून फवाऱ्याचं टोक लावायचं. ही लस टोचायची नसते. नंतर १५ ते ३० मिनिटं तिथेच बसवून ठेवायचं, आणि अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप असं काही दिसलं तर ॲड्रिनलिन, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन, हाताशी हवं.

साठवण २ ते ८ अंशांत. फ्लूमिस्टला एकदाच, १२ तासांपर्यंत, २५ अंश चालतात. मे महिन्यात इथे तेवढी गार खोली एसीशिवाय मिळणं कठीण, त्यामुळे पिशवीत घालून दुचाकीवरून आणलेल्या डोसाचा भरवसा धरू नये. तापलेल्या लसीनं अपाय होत नाही, पण विषाणू मेला की ती नुसतं पाणी.

आणखी दोन गोष्टी. गेल्या ४८ तासांत ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध घेतलं असेल, किंवा फवाऱ्यानंतर दोन आठवड्यांत घ्यावं लागलं, तर ते लसीतल्या विषाणूलाही रोखतं आणि डोस पुन्हा घ्यावा लागतो. आणि फवाऱ्यानंतरच्या आठवड्यात नाकाचा स्वॅब घेतला तर फ्लू नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. लस कधी घेतली ते लॅबला आणि डॉक्टरांना आधीच सांगा.