इंजिनात काहीच सापडले नाही

वैमानिक घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्थेच्या हँगरमध्ये देखभाल अभियंता, म्हणजे आमच्या बोलीत ए.एम.ई., म्हणून काम करणाऱ्याकडे अपघाताची बातमी बहुधा एकाच वाक्यात येते : इंजिन बंद पडले. ऑगस्टअखेरच्या एका ढगाळ दुपारीही ती तशीच आली. आमचे एक सेसना १५२, म्हणजे शिकवण्यासाठीचे दोन आसनांचे छोटे विमान, धावपट्टीपासून काही किलोमीटरवर एका शेतात उतरले होते. आतले इन्स्ट्रक्टर आणि प्रशिक्षणार्थी दोघेही सुखरूप होते, आणि रेडिओवरच्या शेवटच्या संदेशात इंजिनाखेरीज दुसरे काहीही नव्हते. असे वाक्य कानावर पडले की सर्वांच्या नजरा आपोआप ज्याने त्या सकाळी विमानाच्या कागदांवर सही केली असेल त्याच्याकडे वळतात, आणि ती सही माझी होती.

आम्ही जीपने पोहोचलो तेव्हा गावच्या पोलीस पाटलांनी लोकांना बांधापलीकडे थोपवून धरले होते. रब्बी ज्वारीसाठी कुळवून ठेवलेले ते काळे रान होते. शेजारीच पुरुषभर उंचीचा ऊस उभा होता. वरून पाहणाऱ्याला ऊस मऊ गादीसारखा वाटतो, परंतु त्यात घुसलेले हलके विमान चाके अडकून उलटण्याचीच शक्यता अधिक असते. इन्स्ट्रक्टरने तो टाळून मोकळे रान निवडले होते. मात्र पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत पुढचे चाक रुतले, त्याचा पाय मोडला आणि विमान नाकावर टेकले. रानाच्या मालकाने मला एवढेच सांगितले, "आवाज आलाच नाही साहेब. मान वर केली तर बांधावरून खाली येत होतं."

अशा वेळी अभियंत्याने आधी हात खिशात ठेवावेत आणि डोळे उघडे ठेवावेत. जखमींना बाहेर काढणे किंवा आग रोखणे वगळता तपास यंत्रणेच्या परवानगीशिवाय काहीही हलवायचे नसते. फोनवरून तशी परवानगी मिळेपर्यंत मी कॉकपिटची छायाचित्रे घेतली. इंधनाचा नळ उघडा होता, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या दोन मॅग्नेटोंची चावी 'बोथ'वर, म्हणजे दोन्ही चालू, होती, मिक्स्चर (इंधन-हवेचे प्रमाण ठरवणारी मूठ) आणि थ्रॉटल (शक्ती कमीजास्त करणारी मूठ) पूर्ण आत होते, आणि कार्ब हीटची, म्हणजे इंधनात हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला गरम हवा देणारी, मूठही पूर्ण आत, म्हणजे बंद स्थितीत होती. प्रोपेलरचे एक पाते मागे वाकले होते, दुसऱ्याला जवळजवळ ओरखडाही नव्हता. जोरात फिरणारा प्रोपेलर जमिनीला लागला तर दोन्ही पाती पिळवटतात, त्यांच्यावर रुंदीच्या दिशेने ओरखडे उमटतात आणि टोके बहुधा पुढे वळतात. इथे तसे काहीच नव्हते. म्हणजे टेकताना इंजिन खरोखरच शक्ती देत नव्हते. सांगणारा आणि धातू एकच गोष्ट सांगत आहेत की नाहीत, हे पाहण्याची ही पहिली पायरी असते.

वाटेत माझ्या मनात सर्वप्रथम इंधनाचा विचार आला होता, आणि त्याला कारण होते. एका इंजिनाच्या छोट्या विमानांची इंजिने जेव्हा हवेत बंद पडतात, तेव्हा कितीतरी प्रकरणांत यंत्राचा काडीचाही दोष नसतो; टाकी रिकामी झालेली असते, टाकीत इंधन असूनही नळ चुकीच्या जागी असतो, किंवा इंधनात पाणी असते. सेसना १५२च्या दोन्ही टाक्यांत मिळून सुमारे ९८ लिटर इंधन मावते आणि पंखांतून ते केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येते, त्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही नसते. परंतु काट्यावर विश्वास टाकून टाकीत मोजपट्टी न बुडवणारा वैमानिक त्या साधेपणाचाही पराभव करू शकतो. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि विमान बाहेर उभे होते, म्हणून टाकीच्या झाकणातून पाणी झिरपल्याचा संशय मला होताच. मी दोन्ही टाक्यांच्या तळाचे आणि गाळणीचे नमुने काचेच्या भांड्यात घेतले. एव्हीगॅस, म्हणजे या विमानांचे पेट्रोल, निळसर असते. पाणी असेल तर ते जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. सर्व नमुने स्वच्छ निळे निघाले. टाक्या निम्म्याहून अधिक भरलेल्या होत्या.

मग मी इन्स्ट्रक्टरशी बोललो. तो तिशीच्या आतला, शांत स्वभावाचा मुलगा होता. बांधावर बसून त्याने कपभर चहा घेतला होता, पण बशी धरलेला हात अजून थरथरत होता. सराव-क्षेत्रातून परतताना प्रशिक्षणार्थीने बराच वेळ थ्रॉटल कमी ठेवून उंची घटवली होती. सर्किटच्या, म्हणजे उतरण्यापूर्वी धावपट्टीभोवती घ्यायच्या फेरीच्या, उंचीवर विमान सरळ करण्यासाठी त्याने थ्रॉटल पुढे केला, तेव्हा आर.पी.एम., म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, वाढण्याऐवजी हळूहळू उतरू लागले. इन्स्ट्रक्टरने नियंत्रण स्वतःकडे घेतले.

"कार्ब हीट ओढला होता का?" मी विचारले.

"ओढला होता, सर. पण ओढल्याबरोबर इंजिन आणखी पडलं, नुसतं हादरायला लागलं. मला वाटलं मी उलट बिघडवतोय. म्हणून परत आत ढकलला."

हे उत्तर ऐकताच, काय घडले असावे याची मला बरीचशी कल्पना आली.

कार्बोरेटरमध्ये हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तेथे तिचा दाब उतरतो आणि इंधनाची वाफ होते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ही हवा गार होते, फक्त फार झपाट्याने. बाहेर चोवीस अंश सेल्सियस असताना आतल्या हवेचे तापमान शून्याखाली जाऊ शकते. हवेत भरपूर ओलावा असेल तर तो थ्रॉटलच्या झडपेभोवती बर्फ होऊन बसतो, आणि झडप अर्धवट मिटलेली असली म्हणजे उरलेली फट बुजायला थोडा बर्फही पुरतो. बर्फ म्हटले की आपल्याकडच्या मुलांच्या डोळ्यांसमोर हिमालय येतो. वस्तुतः धोका सर्वांत अधिक असतो तो एकवीस अंशांच्या खाली आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत, पण अडतीस अंशांपर्यंतही तो संपत नाही. दख्खनच्या पठारावरचा पावसाळा म्हणजे त्याला साजेसे हवामान. त्या दुपारी धावपट्टीवर तापमान २४ आणि दवबिंदू २२ अंश नोंदलेला होता, म्हणजे हवा ओलाव्याने जवळजवळ भरलेली होती.

कार्ब हीटची मूठ ओढली की एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातली गरम हवा कार्बोरेटरमध्ये जाते. गरम हवा विरळ असते, म्हणून आर.पी.एम. आधी थोडे उतरतातच. वर वितळलेल्या बर्फाचे पाणी इंजिनात जाते आणि ते खडखडते. हा त्रास काही सेकंद सोसला तर आर.पी.एम. पुन्हा चढू लागतात. म्हणजे उपाय नेमका लागू पडत असतानाच तो अपाय वाटतो, आणि ज्याने हे केवळ वाचलेले आहे, कधी कानांनी ऐकलेले नाही, तो घाबरून मूठ परत ढकलतो. त्या मुलाला मी तेव्हा दोष दिला नाही आणि आजही देणार नाही. उशीर झाला की आणखी एक अडचण येते : इंजिन मंदावले की एक्झॉस्टही निवतो आणि वितळवायला उष्णताच उरत नाही.

पुढचे दिवस हँगरमध्ये गेले. कार्बोरेटरची वाटी स्वच्छ होती, फ्लोट मोकळा होता, हवेच्या गाळणीत काही अडकलेले नव्हते. आठही स्पार्क प्लगांचा रंग जसा असावा तसा होता. तपासाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली क्रँकशाफ्टचे, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याचे, टोक वाकले आहे का ते डायल गेजने मोजून, दुसरा प्रोपेलर बसवून आम्ही इंजिन सुरू केले. १७०० आर.पी.एम.वर एकेक मॅग्नेटो बंद करून पाहिला. घट १२५च्या आत हवी आणि दोन्हींतला फरक ५०च्या आत, आणि दोन्ही आकडे मर्यादेत होते. इंजिन अगदी शहाण्यासारखे चालत राहिले. व्यवस्थापनातील एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, मग बंद पडलं कशानं?" मोडलेला भाग हातात दाखवता आला असता तर त्यांना बरे वाटले असते. परंतु ज्या वस्तूने इंजिन बंद पाडले, ती आम्ही शेतात पोहोचण्याआधीच पाणी होऊन गेली होती. अशा प्रकरणात बाकीच्या शक्यता एकेक करून खोडत जाणे, आणि उरलेल्या कारणापुढे 'संभाव्य' हा शब्द प्रामाणिकपणे लिहिणे, एवढेच करता येते.

मला मात्र त्या दिवसाचे वैशिष्ट्य इंजिनात दिसत नाही. ते इंजिन बंद पडल्यानंतरच्या मिनिटाभरात आहे. विमान जमिनीपासून साधारण नऊशे फुटांवर होते. वारा नसेल तर एवढ्या उंचीवरून सेसना १५२ जेमतेम अडीच किलोमीटर तरंगत जाते. धावपट्टी समोर दिसत होती आणि प्रशिक्षणार्थीने "सर, रनवे" असे म्हटलेही होते. इन्स्ट्रक्टरने नाक खाली करून वेग ६० नॉट धरला आणि धावपट्टीचा नाद सोडला. नाक वर ओढून ती गाठण्याचा मोह, किंवा खालच्या उंचीवर तिच्याकडे तीव्र वळण घेण्याचा मोह, हीच या विमानांच्या प्राणघातक अपघातांची जुनी वाट आहे. ४५ अंश कलून उंची राखत वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. तेवढ्यात वेग घसरला की एक पंख गळतो, विमान स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली, जाते आणि सावरायला उंची नसते. अमेरिकेतील छोट्या विमानांच्या जीवघेण्या अपघातांत हवेतच ताबा सुटणे हेच सर्वांत मोठे कारण राहिले आहे. इंजिन नसलेले पण ताब्यात असलेले विमान माणसांना बहुधा वाचवते. उलट इंजिन ठणठणीत असूनही विमाने पडतात, ती अशी.

ढगांचेही तसेच. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेला वैमानिक घाटमाथ्यावरच्या ढगात शिरला तर त्याच्या इंजिनाला काहीही होत नाही. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने अशा २० जणांवर प्रयोग केला होता. विसांपैकी प्रत्येकाचा ताबा सुटला, आणि त्याला लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद होता. आमच्या व्यवसायाच्या आरंभी हे चित्र थोडे निराळे होते. ज्या पस मॉथ विमानाने जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, त्या जातीच्या काही विमानांचे पंख त्या काळात हवेतच निखळले होते. धातू आणि लाकूड दगा देत असे. आज ते क्वचित घडते, आणि म्हणूनच 'तांत्रिक बिघाड' हे शब्द बातमीत घाईने छापलेले दिसले की मला खटकतात.

काही विद्यार्थी विचारतात की मग कार्बोरेटर असलेली विमाने ठेवताच कशाला. प्रश्न रास्त आहे. इंधन थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारणाऱ्या इंजिनांत असा बर्फ धरत नाही, आणि नवी सेसना १७२ तशीच येतात. पण १५२चे उत्पादन १९८५ मध्ये थांबले, तरी त्यांचे सुमारे ११० अश्वशक्तीचे लायकॉमिंग इंजिन अजूनही देशोदेशी शिकणाऱ्यांना उडवत आहे, आणि फवारा-इंजिने उन्हाळ्यात तापलेली असताना सुरू करण्याचा त्रास हा वेगळाच विषय आहे.

आम्ही तूर्त एवढे केले की रनअपच्या, म्हणजे उड्डाणापूर्वी इंजिन तपासण्याच्या, वेळी प्रत्येक प्रशिक्षणार्थीने कार्ब हीट केवळ ओढून सोडायचा नाही, तर ओढून धरायचा आणि आर.पी.एम. कसे उतरतात ते मोठ्याने सांगायचे. उतरणीवर थ्रॉटल मागे घेण्यापूर्वी मूठ बाहेर असते की नाही, हे पाहणे इन्स्ट्रक्टरांच्या मासिक बैठकीत विषय म्हणून आले.

प्रोपेलर जमिनीला लागल्यामुळे उत्पादकाच्या सूचनेनुसार ते इंजिन पूर्ण उघडावे लागले. क्रँकशाफ्टच्या मागील गिअरचा बोल्ट बदलला, बाकी सर्व मापे मर्यादेत निघाली. नवा प्रोपेलर आणि पुढच्या चाकाचा नवा पाय बसवून ते विमान हिवाळ्यात पुन्हा उडाले, आणि ओव्हरहॉलपर्यंतचे, म्हणजे ठरलेल्या संपूर्ण दुरुस्तीपर्यंतचे, उरलेले तास त्या इंजिनाने एकाही तक्रारीशिवाय भरले.